ओटा, धुणं आणि हवा: बाहेरच्या देशांतले नवे बदल आणि आपल्या फ्लॅटचं गणित

चौकट

स्वयंपाकघराच्या नव्या चलनांवर लेख येतात ते बहुतेक रंग, हँडल आणि लाइटबद्दल असतात. ते बाजूला ठेवू. गेल्या काही वर्षांत खरोखर दूरगामी ठरलेल्या चार गोष्टी मला दिसतात. ऑस्ट्रेलियाने क्वार्ट्झच्या ओट्यावर बंदी आणली. युरोपात आता कपडे वाळवायचे नवे ड्रायर फक्त हीट पंपाचेच (तीच उष्णता परत परत वापरणारे) येतात. गॅसची जागा इंडक्शन घेतंय आणि त्याबरोबर चिमणीही बदलतेय. आग्नेय आशियातलं ओलं-कोरडं (तळण-वाटण एकीकडे, चहा-टोस्ट दुसरीकडे) असं दुहेरी स्वयंपाकघर इतर देशांतही दिसू लागलंय. चारही गोष्टींच्या मुळाशी धूळ, ओल, धूर किंवा वीज आहे. म्हणून या चर्चेत फोटोंपेक्षा मापं आणि कारणं लिहा. ज्यांचं काम सुरू आहे त्यांना भिंत फोडण्याआधी त्याचा उपयोग होईल.

सिडनीकर

क्वार्ट्झपासून सुरुवात करतो, कारण यात माणसांचे जीव गेलेत. ज्याला आपण क्वार्ट्झचा ओटा म्हणतो तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या चिकट द्रव्यात) दाबून त्याची स्लॅब करतात आणि त्यात स्फटिकरूप सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते. ग्राइंडर फिरला की ती अतिसूक्ष्म धूळ होऊन फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कोळसा किंवा दगडाच्या खाणीत वीस-पंचवीस वर्षांनी दिसणारा हा रोग स्लॅब कापणाऱ्या तरुण कारागिरांत काही वर्षांतच दिसू लागला. म्हणून १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात अशी स्लॅब बनवणं, पुरवणं, कापणं, बसवणं बंद झालं. बंदीची रेषा १ टक्का सिलिकावर आहे. पोर्सिलेन, रेझिन नसलेला सिंटर्ड स्टोन (भुकटी दाबून भट्टीत भाजलेली स्लॅब), काँक्रीट आणि नैसर्गिक दगड त्यातून वगळले आहेत.

घरात आधीच बसवलेल्या ओट्यावर स्वयंपाक करायला काही धोका नाही. धोका आहे तो कापताना, भोक पाडताना आणि कडा घासताना.

कडप्पा

इथे एक भर घालतो. आपल्याकडे स्लॅब साइटवर येते आणि सिंकचं भोक घरातच, कोरड्या ग्राइंडरने पाडलं जातं. घरभर पांढरी धूळ, कापणाऱ्याच्या तोंडाला फार तर रुमाल. क्वार्ट्झ घ्यायचाच असेल तर ऑर्डरमध्ये हे लिहून घ्या: सिंक आणि शेगडीची भोकं कारखान्यातच, पाण्याखाली कापायची. त्यासाठी ओट्याच्या कडप्प्याचं बांधकाम आधी पुरं व्हायला हवं आणि प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा साचा काढून द्यायला हवा. भिंती काटकोनात नसतात, म्हणून साचा घेतल्याशिवाय नुसती मापं देऊ नका. साइटवर नळाचं ३५ मिमीचं भोक तेवढं राहिलं तर पाणी सोडत डायमंड कोअर बिटने पाडायचं.

दुसरं, नैसर्गिक दगड म्हणजे सिलिका नाही असं समजू नका. ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४५ टक्के असते. मात्र बाजारात जो ब्लॅक ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बरेचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, त्यात क्वार्ट्झ फार कमी. तो काळा दगड माझ्या मते आजही आपल्या ओट्याला सर्वांत चोख: १८-२० मिमी जाड, गरम कढई सोसतो, हळदीचा डाग धरत नाही. क्वार्ट्झमधलं रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे पिवळं पडतं किंवा तडकतं, आणि फोडणीचं तेल त्याहून बरंच गरम असतं. कडप्पा हा चुनखडीचा दगड, त्यामुळे चिंच, लिंबू, कोकम सांडलं की त्याची चमक तिथल्या तिथे मरते.

चौकट

पोर्सिलेन स्लॅबचा अनुभव कसा आहे? हल्ली १२ मिमीची सगळीकडे दाखवतात.

कडप्पा

उष्णता आणि डाग या दोन्हीत उत्तम. कमजोरी कडेला आहे. ४५ अंशात कापून जोडलेली कड दिसायला जाड दिसते, पण कुकर आपटला की तिथलाच टवका उडतो. कड २-३ मिमी तरी बोथट करून घ्या. सिंकच्या भोकाचे आतले कोपरे गोल हवेत. काटकोनी ठेवले की तडा तिथूनच निघतो. स्लॅबखाली सगळीकडे सपाट आधार हवा, पोकळी नको. खलबत्ता या ओट्यावर ठेवायचाच नाही, त्याला जमिनीवर किंवा वेगळ्या दगडावर जागा करा. पोर्सिलेनमध्येही थोडी सिलिका असते, म्हणून कापताना पाणी इथेही लागतंच.

तीन_फेज

इंडक्शनकडे वळू. चार झोनचा हॉब, म्हणजे एकदम चार भांडी ठेवता येणारी ओट्यात बसवलेली शेगडी, पूर्ण जोरात चालला तर ७.२ ते ७.४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ३२ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट चालत नाही. वितरण पेटीपासून थेट ६ चौरस मिमी तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा) आणि ओट्याच्या बाजूला हात पोचेल असा डबल पोल आयसोलेटर (दोन्ही तारा तोडणारा स्विच) हवा. आयसोलेटर हॉबच्या मागच्या भिंतीवर लावू नका. आग लागली तर ज्वाळेवरून हात न्यावा लागेल.

घराचा मंजूर भार ३-४ किलोवॅट असेल तर दोन वाटा आहेत. भार वाढवून घ्यायचा, किंवा हॉबची कमाल मर्यादा सेटिंगमध्ये खाली आणायची. बऱ्याच युरोपीय हॉबना ती सोय असते: २.८ किंवा ३.५ किलोवॅटवर बांधलं की चारही झोन मिळून तेवढ्यातच वाटून घेतात. एका झोनवर कुकर जोरात असेल तर दुसरीकडची भाजी मंदावते, हे पत्करावं लागतं. अमेरिकेत यावर वेगळी युक्ती आली आहे. तिथल्या घरांत साध्या सॉकेटला १२० व्होल्टच असतात. म्हणून बॅटरी पोटात असलेल्या शेगड्या निघाल्या. त्या दिवसभर सावकाश चार्ज होतात आणि स्वयंपाकाच्या वेळी साठवलेली वीज जोरात सोडतात. किंमत सध्या आवाक्याबाहेर आहे, पण कल्पना आपल्याकडच्या कमी भाराच्या घरांना आणि लोडशेडिंगला अगदी जुळणारी आहे.

हॉबखाली ड्रॉवर असेल तर मध्ये एक पातळ फळी आणि हवेसाठी फट ठेवा, साधारण २० मिमी. नेमका आकडा त्या-त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. पंख्याला हवा मिळाली नाही की यंत्र स्वतःच जोर कमी करतं आणि लोक समजतात हॉब खराब आहे.

वऱ्हाडी_ऊन

भाकरीचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

तीन_फेज

टाळत नाही. खोलगट तवा चालणार नाही. कॉइल आणि तव्याचं बूड यांत अंतर पडलं की तिथे उष्णता येत नाही. सपाट बिडाचा तवा घ्या, आणि कॉइलच्या व्यासाहून तवा ३-४ सेंमीपेक्षा मोठा नको. मोठा असेल तर मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. थंड तवा एकदम बूस्टवर, म्हणजे सर्वांत जोरात, ठेवला की बीड तडकू शकतं आणि लोखंडी तवा वाकतो. चार-पाच मिनिटं मध्यम आचेवर तापवून मगच वाढवा. पण भाकरी किंवा फुलका थेट ज्वाळेवर फुगवायचा असेल तर त्याला इंडक्शनकडे उत्तर नाही. माझं मत: दोन किंवा तीन झोनचं इंडक्शन आणि शेजारी एक बर्नरचा गॅस. युरोपात ३० सेंमी रुंदीचे असे सुटे तुकडे जोडून हॉब करायची पद्धत आहेच, तीच इथे वापरायची.

श्टुटगार्टकर

आता चिमणी. जर्मनीत ओट्यातूनच धूर खाली ओढणारे हॉब फार वाढलेत. बोरा या कंपनीने २००७ पासून ते लोकप्रिय केले, आता बहुतेक सगळे बनवतात. डोक्यावर काही नसल्यामुळे खिडकीसमोर किंवा मधल्या सुट्या ओट्यावर (बेटावर) शेगडी ठेवता येते. आपल्या स्वयंपाकाला हे घ्यावं का, असं विचाराल तर जपून. वाफ खाली ओढायची तर आडवा ओढा वर जाणाऱ्या वाफेपेक्षा जोरदार हवा. पॅन किंवा तव्याला ते जमतं. २०-२५ सेंमी उंच पातेल्याच्या तोंडापर्यंत ओढा पोचत नाही, आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका तर वरच जातो. शिवाय पाणी उतू गेलं की ते जाळीतून आत उतरतं. आत त्यासाठी छोटी टाकी असते, ती रोज रिकामी करून धुवावी लागते. गॅसच्या ज्वाळेबरोबर हे जमत नाही, ज्वाळाच तिकडे ओढली जाते.

दुसरी गोष्ट, तिकडे पाइप बाहेर न काढता कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत घरात सोडतात. हवाबंद बांधलेल्या घरातली गरम हवा बाहेर फेकणं परवडत नाही, म्हणून. कोळसा वास धरतो, वाफ धरत नाही. महाराष्ट्रात तसं करण्याचं काहीच कारण नाही. पाइप बाहेरच काढा.

नळजोड

+१. आणि तो पाइप १५० मिमीचाच ठेवा. भोक पाडणाऱ्याला ४ इंची बिट सोपं पडतं म्हणून १०० मिमीवर आणतात. क्षेत्रफळ ४४ टक्केच उरतं, आवाज वाढतो, ओढ मरते, आणि तेल वळणावर साठतं. प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे मीटर-दोन मीटर जादा पाइप धरा. दोनपेक्षा जास्त वळणं नकोत, आणि घड्यांच्या अॅल्युमिनियम पाइपऐवजी गुळगुळीत पीव्हीसी. बाहेरच्या तोंडाला झडप आणि जाळी, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार.

किती ओढीची चिमणी घ्यायची याचा हिशोब सोपा आहे. १० बाय ८ फुटांचं, १० फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे सुमारे २२.५ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर २७० घनमीटर. वळणं आणि फिल्टरचा अडथळा धरून दुप्पट, म्हणजे साडेपाचशे-सहाशे. कॅटलॉगमधले १२००-१५०० हे आकडे पाइप न लावता मोजलेले असतात. गॅसवर चिमणी ६५० ते ७५० मिमी उंचीवर. आणि चिमणी ओढेल तेवढी हवा आत यायला वाट हवी, खिडकी-दार सगळं बंद करून ती नुसती गुरगुरते.

श्टुटगार्टकर

एक आकडा इथेच देतो. एक किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत घरात २२ लिटरच्या आसपास पाणी हवेत गेलं, अन्नातली वाफ वेगळीच. पावसाळ्यात वरच्या कपाटांच्या प्लायला बुरशी का येते याचं अर्धं उत्तर यात आहे.

सेंगकांग

सिंगापूरच्या ओल्या-कोरड्या स्वयंपाकघराबद्दल. सरकारी घरांत स्वयंपाकघराच्या मागे कपडे वाळत घालायची मोकळी जागा असते. बरेच जण काचेचं सरकतं दार लावून तळण-वाटणाचा भाग तिकडे बंद करतात आणि बाहेर हॉलकडे चहा, टोस्ट, फळं, फ्रिज एवढं ठेवतात. दार बंद करून चिमणी चालते तेव्हा वास हॉलमध्ये येत नाही, म्हणून बाहेरचा भाग उघडा ठेवता येतो. सगळंच उघडं करण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

मराठी फ्लॅटला जमणारं किमान माप: ओलं स्वयंपाकघर १.५ बाय २.१ मीटर. ६०० मिमी खोलीचा सरळ ओटा आणि ९०० मिमीची चालायची जागा. दोघं एकदम उभे राहणार असतील तर १२०० हवेत. दार वरून लटकणारं घ्या, जमिनीतल्या खाचेत पीठ आणि तेल भरतं. पण एक गडबड हमखास होते. ओलं स्वयंपाकघर ड्राय बाल्कनीत नेलं की कपडे वाळवायची जागा जाते, आणि वाळणाऱ्या धुण्याला फोडणीचा वास लागतो. म्हणून या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करायला हवा.

आणि कृपया ड्राय बाल्कनीत गॅसची शेगडी हलवताना सोसायटीची परवानगी आणि गॅस पाइपचं काम परवानाधारकाकडूनच.

चौकट

तर धुण्याकडे येऊ. युरोपचा नियम नेमका काय आहे?

श्टुटगार्टकर

१ जुलै २०२५ पासून युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या नव्या घरगुती ड्रायरना इतकी कडक कार्यक्षमता लागू झाली की हीटरवर चालणारे बाहेर पडले, हीट पंपच उरले. त्याच दिवसापासून ऊर्जेचं लेबलही नव्याने ए ते जी असं झालं.

यंत्र आतून असं चालतं: एकच हवा बंद चक्रात फिरते. गरम कॉइलवरून ड्रममध्ये, तिथून ओलावा घेऊन थंड कॉइलवर, तिथे पाणी गळून टाकीत किंवा नळीने बाहेर, आणि तीच हवा पुन्हा गरम कॉइलवर. भिंतीला भोक लागत नाही, हीच फ्लॅटसाठी मोठी गोष्ट. ८ किलोच्या पूर्ण भाराला साधारण २ युनिट, जुन्या हीटरवाल्याला साडेचार-पाच. तापमान ५०-६० अंशांच्या आसपास राहतं, म्हणून कपडे कमी झिजतात. वेळ मात्र अडीच-तीन तास.

वऱ्हाडी_ऊन

नागपुरात मे महिन्यात दोरीवर चादर तासाभरात खडखडीत होते, तिथे ड्रायरला पैसे घालायचं काही कारण नाही. शिवाय ही यंत्रं साधारण ५ ते ३५ अंशांच्या खोलीसाठी बनवलेली. ४५ अंशांच्या बाल्कनीत कॉम्प्रेसर सारखा तुटतो. हा प्रश्न मुंबई, कोकण, गोव्याच्या चार महिन्यांचा आहे.

नळजोड

बरोबर, आणि त्या चार महिन्यांचं गणित करू. ५ किलो सुती कपडे मिनिटाला १००० फेऱ्यांवर पिळले तर त्यांच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरतं: ३ लिटर. १४०० वर पिळले तर ५० टक्के: अडीच लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६८ युनिट उष्णता लागते, ती द्यावीच लागते. म्हणजे ३ लिटरला निव्वळ २ युनिट, हीटरचं यंत्र गळती धरून ३ च्या पुढे घेतं. हीट पंप तीच उष्णता परत वापरतो म्हणून सव्वा-दीड युनिटात भागतं. पहिली बचत वॉशिंग मशीनच्या पिळण्यातच आहे, नवं मशीन घेताना १२००-१४०० फेऱ्यांचं बघा.

एकाच यंत्रात धुणं-वाळवणं हवं असणाऱ्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. इथे विकली जाणारी बरीच वॉशर-ड्रायर यंत्रं वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, वाळवतानाही मीटर फिरतो. आणि ९ किलो धुणारं यंत्र वाळवतं ५-६ किलोच. पूर्ण भार धुऊन तसाच वाळवायला लावला की कपडे दमट आणि चुरगळलेले निघतात. अमेरिकेत २०२३ मध्ये हीट पंपाचं एकत्रित यंत्र आलं, दिशा ती आहे.

सेंगकांग

ड्रायर नको असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून पाणी करणारं यंत्र). जपानमध्ये न्हाणीघराच्या छतातच वाळवणी यंत्र बसवतात आणि दांडीवर कपडे टांगतात. तिथलं न्हाणीघर हवाबंद डबा असल्यामुळे ते जमतं. आपल्या बाथरूमला काचपट्ट्यांची उघडी खिडकी असते, बाहेरची ओल आत येतच राहते. त्याऐवजी छोटी खोली बंद करून, २० लिटरचा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर आणि कपड्यांवर फिरता पंखा. ३ लिटर पाणी काढायला पाच-सहा तास, वीज ड्रायरइतकीच किंवा थोडी जास्त, पण यंत्र स्वस्त आणि कपाटांची बुरशीही थांबते. कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवा.

नळजोड

आता बसवण्याच्या चुका, कारण तक्रारी इथूनच येतात.

फ्रंट लोड मशीन ८५० मिमी उंच. आपला ओटा ३४ इंच म्हणजे ८६४. त्यातून १८ मिमी ग्रॅनाइट आणि खालची फळी वजा केली की ८३० उरतात, मशीन आत जात नाही. ओटा ९०० केला तर उभं राहून लाटणाऱ्याच्या खांद्यांवर ताण येतो. जपानी सूत्र आपल्या उंचीला चांगलं लागू पडतं: उंची भागिले दोन अधिक ५ सेंमी. १५५ सेंमीच्या व्यक्तीला ८२.५. म्हणून मशीन स्वयंपाकाच्या ओट्याखाली कोंबू नका. ड्राय बाल्कनीत त्याच्यावर वेगळा ९०० मिमीचा कट्टा करा, घड्या घालायला त्या उंचीचाच उपयोग होतो. डिशवॉशरची गोष्ट वेगळी, वरचं झाकण काढलं की तो ८२० मध्ये बसतो.

वॉशिंग मशीनची सांडपाण्याची नळी जमिनीपासून ६० ते ९० सेंमीवर उभ्या पाइपात सोडा. नहाणी ट्रॅपमध्ये खाली टाकली की पाणी आपोआप ओढलं जातं, मशीन भरत राहतं आणि धुणं संपत नाही. नळी पाइपात घट्ट बसवू नका, हवा हवी. वरच्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचा दाब बघा: ०.३ बार म्हणजे टाकीचं पाणी नळापासून निदान ३ मीटर उंच. ते नसेल तर छोटा प्रेशर पंप.

ड्रायर वर चढवायचा तर त्याच कंपनीचा, त्याच खोलीचा, आणि त्यांचाच जोडसंच वापरून. खालच्या मशीनचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना हे आधी बघा. ड्रायर कपाटात असेल तर दाराला झरोके खाली आणि वर दोन्हीकडे हवेत, नाहीतर आतली हवा ३५ च्या वर जाते. वरच्या ड्रायरचं पॅनेल १६०० मिमीच्या पुढे जातं. घरात कुणी बुटकं किंवा वयस्कर असेल तर शेजारी-शेजारी ठेवा, कारण कपड्यांचे धागे अडवणारी जाळी प्रत्येक वेळी हाताने साफ करावी लागते. ती केली नाही की धागे थंड कॉइलवर बसतात, तीन तासांचे चार होतात, आणि कॉइलपर्यंत पोचायला बऱ्याच यंत्रांत पूर्ण खोलावं लागतं. विकत घेण्याआधी विचारा: कॉइलची झडप समोरून उघडते का?

तीन_फेज

बाल्कनीतली सॉकेटं १५०० मिमी उंचीवर, झाकणाची. वॉशिंग मशीन आणि ड्रायर एकाच मल्टिप्लगवर देऊ नका. दोन स्वतंत्र १६ अँपिअर, वायर ४ चौरस मिमी.

कडप्पा

बाल्कनीची जमीन घराच्या पातळीपेक्षा ५०-७५ मिमी खाली ठेवा, उतार १ ला ८० आणि नहाणी ट्रॅप मशीनच्या बाहेर, हात पोचेल असा. जपानमध्ये मशीनखाली ६४० मिमी चौरस पाण्याचा ट्रे असतो. नळी सुटली तर पाणी ट्रेतच राहतं. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, पण मशीनभोवती ५० मिमी उंचीची ग्रॅनाइटची कड केली की तेच काम होतं. मशीन मात्र विटांच्या पोकळ चौथऱ्यावर ठेवू नका, पिळताना हादऱ्याने टाइल सुटते. भरीव काँक्रीटचा १०० मिमीचा चौथरा, चारही पाय पाणसळीला लावून.

चौकट

ड्रायरची टाकी रोज रिकामी करण्याऐवजी नळी मशीनच्याच पाइपात सोडली तर चालेल का?

नळजोड

चालेल, पण वाय (Y) आकाराची शाखा देऊन. मशीनच्या नळीच्या तोंडाच्या वर सोडा. खाली दिली तर मशीन पाणी फेकताना ते ड्रायरकडे उलटं चढतं. आणि ते पाणी क्षारमुक्त असलं तरी त्यात धागे असतात. इस्त्रीत किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, फरशी पुसायला वापरा.